सासूबाईंचं निर्मळ हृदय

प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर बारा डुकरं होती आणि त्यांना हृदयविकार जडवायचं काम मामांकडे होतं. मामा म्हणजे तिथल्या जनावरांचे राखणदार. त्यांना सगळेच मामा म्हणायचे, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. डुकराचं हृदय अगदी माणसासारखं असतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. मामांना उगाच डुकरांना कमीपणा आणल्यासारखं वाटलं होतं.

काम सोपं. खाद्यात चरबी आणि कोलेस्टेरॉलची पूड कालवायची, बादल्या भरायच्या, खाऊन झालं की तक्त्यात ‘पूर्ण खाल्लं’ लिहून सही करायची. असं नऊ महिने. मग हृदयाच्या नळ्या चोंदल्या की प्रयोग चालवणाऱ्या मोठ्या मॅडम खूश, आणि डुकरं टेबलावर. टेबलावरून कोणी परत येत नसे.

बारा नंबरच्या डुकरिणीचं नाव मामांनी सासूबाई ठेवलं होतं. बादली आली की आधी ती नाक मुरडायची, मग मामांकडे असं बघायची की यापेक्षा बरं काही जमत नाही का तुम्हाला? “माझ्या आईला नावं ठेवता?” मामी चिडायच्या. “छे छे,” मामा म्हणायचे, “ही तरी खाल्ल्यावर गप्प बसते.”

सासूबाई लहान असताना तापाने फणफणल्या होत्या. मामांनी तीन दिवस मांडीवर घेऊन त्यांना बाटलीने पाजलं होतं. तेव्हापासून हे जनावर टेबलावर जाणार, ही गोष्ट मामांच्या घशाखाली उतरेना.

वाट त्यांना ठाऊक होती. गेल्या वर्षी एका डुकरिणीच्या नळ्या काही केल्या चोंदल्या नाहीत, म्हणून तिला प्रयोगातून काढून शेतकी कॉलेजच्या आवारात सोडलं होतं. तिथे ती चिखलात लोळत मजेत होती. झालं तर! मामा रोज सासूबाईंना गुपचूप साधं खाद्य घालू लागले. त्यांच्या वाट्याचं चरबीचं खाद्य गरम पाण्यात कालवून मोरीत ओतायचं आणि तक्त्यात ठोकून द्यायचं, ‘पूर्ण खाल्लं’.

इथवर सगळं बेताप्रमाणे चाललं. पण दर महिन्याला रक्त तपासलं जायचं. बाकी अकरा जणींचं रक्त दाट होत चाललं आणि सासूबाईंचं झऱ्याच्या पाण्यासारखं. आधी मॅडमनी यंत्र दुरुस्तीला पाठवलं. मग यंत्र दुरुस्त करणाऱ्याला कामावरून काढायला लावलं. नवव्या महिन्यात पायातून नळी घालून, रंग सोडून हृदयाचे फोटो काढले. एकाही नळीत कणभर चरबी नाही!

“नऊ महिने चरबी खाऊन काही होत नाही!” मॅडमचे डोळे पाणावले. “मामा, हे जगात कुणाला सापडलेलं नाही.”

“मग आता सोडणार ना तिला?”

“सोडणार? वेड लागलंय का? शुक्रवारी हृदय काढायचं. दोन हजार काप करू.”

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. इतरांबरोबर सासूबाई गेल्या असत्या तर निदान आणखी काही दिवस मिळाले असते. मामांनी जीव वाचवायला जाऊन मरण अलीकडे ओढलं होतं.

बुधवारी हे आश्चर्य बघायला पाहुणे आले. परदेशातले दोघे, गळ्यात ओळखपत्रांच्या पट्ट्या, हातात कॅमेरे. सासूबाईंनी त्यांच्याकडेही नाक मुरडून पाहिलं. फोटो काढताना सगळे ओळीत उभे राहिले आणि नेमकी मोरी उसळली. पाहुण्यांचे बूट घोट्यापर्यंत बुडाले. प्लंबर आला, खांद्यापर्यंत हात घालून नळातून पांढरे, घट्ट गोळे उपसत बसला. गोणी भरली.

“काय खाता काय हो तुम्ही इथे?” तो म्हणाला. “ही इमारत एक दिवस झटक्याने जाणार.”

सगळे हसले. प्रयोगशाळेतले गुरांचे डॉक्टर तेवढे हसले नाहीत. ते गोणीकडे बघत होते, मग मामांकडे.

घरी मामांनी मामींना सगळं सांगितलं. मामींनी हातातली सुई खाली ठेवली. “मग सांगून टाका.”

“नोकरी जाईल.”

“तिचा जीव जातोय आणि तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलाय? आईचं नाव दिलंत ना तिला? मग निभवा.”

गुरुवारी सकाळी मामा मॅडमसमोर उभे राहिले. मॅडमनी तक्ता उघडला.

“दोनशे सत्तर दिवस, मामा. ‘पूर्ण खाल्लं’. खाली सही कोणाची?”

“माझीच.”

“मग?”

“सही खोटी आहे, मॅडम. डुक्कर साधंच आहे.”

“तुम्हाला तिचा लळा लागलाय, म्हणून काहीही बोलताय.”

“गोणी तपासा. तिच्या वाट्याची सगळी चरबी नळात गेलीय.”

मॅडमनी तपासली. संध्याकाळी निकाल आला आणि त्या बराच वेळ भिंतीकडे बघत बसल्या. जगातलं एकमेव हृदय मोरीत वाहून गेलं होतं. मामांना त्यांचीही दया आली.

“बारा नंबर प्रयोगातून बाद,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि तुम्हीही.”

मामांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. चेहऱ्यावरचं हसू काही लपेना. “शेतकी कॉलेजची गाडी कधी बोलावताय?”

मॅडमनी तक्ता मिटला. गुरांच्या डॉक्टरांनी मामांना बाहेर नेलं.

“मामा, नवा नियम आहे. अंगात रंग सोडलेलं जनावर फाटकाबाहेर जाऊ शकत नाही.”

“गेल्या वर्षीची गेली की!”

“तिला बघायला जनावरांचे नियम करणाऱ्या समितीचे अध्यक्ष गेले होते, कौतुकाने. तिने त्यांची टोपी खाल्ली. पुढच्याच बैठकीत नियम झाला.”

“मग इथेच ठेवा.”

“प्रयोगात नसलेल्या जनावराला इथे ठेवता येत नाही. तोही नियम आहे.”

“म्हणजे?”

“शुक्रवार तसाच राहिला.” डॉक्टर खाली बघत म्हणाले. “फक्त काप करणार नाहीत.”

शुक्रवारी दुपारी मामांचा फोन वाजला. तिघांना सासूबाई आवरत नव्हत्या. एकाचं मनगट मुरगळलं होतं. “यायची सक्ती नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण ती फार घाबरलीय.”

फाटकावर पहारेकऱ्याने वही पुढे केली. अकरा वर्षं तो मामांना रोज बघत होता.

“कोणाला भेटायचंय, लिहा.”

“तुला माहीत नाही?”

“मला माहीत असून भागत नाही, मामा. वहीला माहीत पाहिजे.”

मामांनी लिहिलं, ‘बारा नंबर’. पहारेकऱ्याने ते वाचलं, टोपी काढली आणि पंधरा मिनिटांचा पाहुण्यांचा पास दिला.

ती कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. मामा फरशीवर बसले. ती आली, त्यांच्या खिशात नाक खुपसलं, तिथे काही नाही म्हणून फुसफुसली आणि धप्पकन त्यांच्या मांडीवर रेलली. डॉक्टरांनी कानामागे सुई टोचली. तिने मान वर करून मामांकडे पाहिलं. मग मान खाली गेली.

“झालं,” डॉक्टर म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “मामा, उठा आता. पास संपला.”

“पाय अडकलाय खाली,” मामा म्हणाले.

पाय मोकळाच होता. डॉक्टरांना तो दिसत होता. ते दार ओढून घेऊन बाहेर उभे राहिले.