कागदावरचं इंजिन

मी जीप बोलतेय. एके काळची लष्करातली, मग सांबाराचे हंडे वाहणारी, आणि आता चेन्नईच्या गिंडी भागातल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या शेडमध्ये विटांवर उभी असलेली. कुठे जायची घाई उरलेली नाही, त्यामुळे सांगायला निवांतपणा आहे.

माझा जन्म १९६४ सालचा, मुंबईतला. कारखान्यातून बाहेर पडले ती थेट फौजेत. अंगाला गडद हिरवा रंग, नंबरपाटीवर वर टोक केलेला बाण. वीस वर्षांत मी बर्फ पाहिलं, वाळू पाहिली, साहेबांची टपालं नेली, तापाने फणफणलेले जवान नेले आणि एकदा मेसच्या चाळीस कोंबड्याही नेल्या. फौजेत एक बरं असतं. हुकूम आला की निघायचं. तू नक्की कोण, हे कुणी विचारत नाही.

१९७६ साली निलगिरीच्या घाटात रेडिएटरमधलं पाणी संपलं आणि माझं इंजिन जाम झालं. पुढचे दोन महिने मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा छातीत वेगळीच धडधड होती आणि सगळ्या अंगावर रंगाचा ताजा थर. मीही फार चौकशी केली नाही.

१९८४ साली मद्रासजवळच्या एका डेपोत माझा लिलाव झाला. आलेले लोक टायर दाबून बघत होते, बॉनेट उघडून नाकं मुरडत होते. त्यात एकच बाई होत्या. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून हंड्याचं मोठं पितळी झाकण काढलं आणि माझ्या मागच्या जागेत ठेवून पाहिलं. मग शेजारी सरकवून पुन्हा पाहिलं.

“सरि, दोन हंडे मावतात. हीच घेऊं,” त्या बरोबरच्या भावाला म्हणाल्या.

या सईबाई घाटगे. त्यांचं कुटुंब मूळचं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाचं आणि मध्येच तमिळ; ‘सरि’ म्हणजे ‘बरं’. त्यांचे यजमान एग्मोर स्टेशनात नोकरीला होते. ते गेल्यावर सईबाईंनी सैदापेटेतल्या घरी स्वयंपाकाचं काम सुरू केलं. सहा बाया हाताखाली होत्या आणि त्या सहाही जणींची घरं त्या चुलीवर चालत होती. गिंडीच्या एका पंपांच्या कारखान्यातल्या पावणेदोनशे कामगारांचं दुपारचं जेवण त्यांच्याकडून जाई. पण भाड्याची व्हॅन तीनदा उशिरा पोचली, कामगार उपाशी राहिले, आणि मॅनेजरांनी स्पष्ट सांगितलं की एक ऑगस्टपासून स्वतःची गाडी असेल तरच काम, नाहीतर नमस्कार.

तेव्हा जूनचा दुसरा आठवडा चालू होता. सईबाईंना वाटलं, भरपूर वेळ आहे. त्यांचे धाकटे भाऊ प्रतापसिंह हे निवृत्त बसचालक. त्यांनाही तसंच वाटलं. मला तर काहीच वाटलं नाही, कारण आरटीओ म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी ऐटीत गेले. इन्स्पेक्टरांनी माझ्या इंजिनावरच्या नंबरावर कागद धरला, वरून पेन्सिल घासली, आणि नंबर कागदावर उमटला. मला गुदगुल्या झाल्या. मग तो कागद खिडकीमागच्या गुरुमूर्ती नावाच्या कारकुनांकडे गेला. कपाळाला विभूती, नाकाच्या टोकाला चष्मा. त्यांनी डेपोचा कागद शेजारी ठेवला आणि दोन्हींवर बोट फिरवत सावकाश वाचलं. कागद एक इंजिन सांगत होता, माझ्या पोटात दुसरंच होतं.

गुरुमूर्तींनी सांगितलं, डेपोकडून खुलासा आणा. डेपोने सांगितलं, विकलेल्या गाडीशी आमचा संबंध संपला. सईबाई पुन्हा खिडकीशी आल्या, तर गुरुमूर्ती म्हणाले, खुलासा येईपर्यंत ही गाडी फौजेचीच समजावी लागेल. म्हणजे फौज म्हणत होती मी बाईंची, आणि कचेरी म्हणत होती मी फौजेची. वीस वर्षं सीमेवर काढलेली मी, सैदापेटेच्या गल्लीत कुणाचीच नव्हते.

मधल्या काळात माझा तात्पुरता परवाना संपला. रस्त्यावर स्वतःहून चालायची मला बंदी झाली. पण इन्स्पेक्टरांना मी पुन्हा समोर हवी होते. तेव्हा प्रतापसिंहांनी एक बैलजोडी आणली. मला दोर बांधला आणि बैलांनी मला आरटीओपर्यंत ओढत नेलं. रस्ताभर लोक हसत होते. खरं सांगते, मला राग आला नाही. बैल शांत होते आणि खड्डे नीट चुकवत होते.

सईबाईंची मुलगी तुळजा बँकेत होती. तिला आईची ही धावपळ पाहवत नव्हती. एका संध्याकाळी माझ्या मडगार्डला टेकून ती म्हणाली, “अम्मा, विकून टाक ही. माझ्या पगारात आपलं दोघींचं भागतं.”

“आपलं भागतं, तुळजा. त्या सहा जणींचं?” सईबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

जुलैच्या मध्यावर त्या सातव्यांदा खिडकीशी उभ्या राहिल्या. जेवणाची वेळ होती. त्यांनी चिंचेच्या भाताचा डबा पुढे केला. गुरुमूर्तींनी तो हात न लावता परत सरकवला. फाइल चालू असताना पाणीसुद्धा घेत नाही, असं सांगितलं. मग चष्मा काढून ते हळू आवाजात म्हणाले, “अम्मा, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण विश्वास लिहायला या फॉर्मवर जागा नाही.”

सईबाईंनी डबा पिशवीत ठेवला. त्या निघताना गुरुमूर्तींनी आणखी एक गोष्ट सांगितली. लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, तो आधी बदलावा लागेल. प्रतापसिंह बाहेर आल्यावर बराच वेळ पुटपुटत होते. नंबरचा पत्ता नाही आणि रंग काय बदलायचा.

तरी रविवारी ते खरवडायला बसले. पत्रा, दारं, बॉनेट. सोबतीला त्या सहाजणींतल्या दोघी-तिघी होत्या. सवय भांडी घासण्याची, हात जोरकस. हिरव्याखाली हिरवा, त्याखाली वाळूचा पिवळा, त्याखाली पुन्हा हिरवा. माझं सगळं आयुष्य त्या अंगणात भुशासारखं पडत होतं. दुपारी स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला प्रतापसिंहांचं खरवडायचं पातं अडलं. दोन रिवेट लागले, मग पितळेचा कोपरा.

सईबाईंनी त्यांना बाजूला केलं. पितळ म्हटल्यावर ते काम त्यांचं. चिंचेचा कोळ आणि राख घेऊन त्या माझ्याजवळ उकिडव्या बसल्या आणि देवाची भांडी घासावी तसं घासू लागल्या. हळूहळू अक्षरं वर आली. एका लष्करी वर्कशॉपचं नाव, ऑक्टोबर १९७६, कामाचा क्रमांक, आणि नवीन बसवलेल्या इंजिनाचा नंबर.

तेव्हा मला कळलं की त्या दोन महिन्यांत माझ्याशी काय झालं. कुणा मेकॅनिकने पाटी नीट ठोकली होती आणि नंतर कुणा रंगाऱ्याने माझ्यासकट तिलाही रंगवून टाकलं होतं.

प्रतापसिंह म्हणाले, पाटीच काढून गुरुमूर्तींपुढे ठेवू. सईबाईंनी मान हलवली. पाटी म्हणजे कागद नव्हे, हे सात खेपांत त्यांना पाठ झालं होतं. त्यांनी तुळजाकडे वहीचा कोरा कागद आणि पेन्सिल मागितली. कागद पाटीवर धरला आणि इन्स्पेक्टर घासायचे तसा घासला. तीन प्रती काढल्या. तुळजा आधी नुसती बघत होती. तिसरी प्रत तिने स्वतः काढली, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत रजा टाकून आईबरोबर डेपोत गेली.

त्या दोघींनी परत येऊन सांगितलं ते असं. या वेळी त्यांनी खुलासा मागितलाच नाही. फक्त कामाचा क्रमांक पुढे केला आणि या क्रमांकाची नोंद दाखवा म्हटलं. तिथल्या हवालदाराने कपाटावरून एक रजिस्टर उतरवलं. नोंद तासाभरात सापडली. पत्र मात्र टाइप होऊन सही होईपर्यंत सात दिवस लागले, कारण सही करणारे साहेब रजेवर होते.

पत्र तीस जुलैला हातात आलं. एकतीसला बैलांनी मला शेवटचं ओढलं. मी आता दुधाळ पांढरी होते आणि थोडी लाजले होते. गुरुमूर्तींनी पत्र दोनदा वाचलं, पेन्सिलीचा कागद उजेडाला धरला, आणि शिक्का उचलला. तो आवाज मी बाहेर उभी असूनही ऐकला. मग त्यांनी फाइल बांधली, टेबलाच्या खणात ठेवली, हात धुऊन बाहेर आले आणि सईबाईंना विचारलं, डबा आणला आहे का. आणला होता. ते माझ्या पायरीवर बसून जेवले.

दुसऱ्या दिवशी बारा वाजायला दहा मिनिटं असताना मी कारखान्याच्या फाटकातून आत गेले. हंडे उतरताना वाफ निघत होती. मॅनेजर घड्याळ बघत उभे होते. त्यांनी घड्याळावरून बाही खाली ओढली आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

पुढची तेरा वर्षं मी तेच केलं. मद्रासचं चेन्नई झालं. पेरुंगुडीकडे नव्या कचेऱ्यांची बांधकामं सुरू झाली, तिथल्या मजुरांपर्यंतही मी सांबार पोचवलं. सहाच्या अकरा बाया झाल्या. मग प्रतापसिंहांची नजर कमी झाली, सईबाईंचे गुडघे दुखू लागले, आणि बायांनी मिळून काम पुढे चालवायला नवी व्हॅन घेतली. ती चांगली मुलगी आहे. हॉर्न जरा जास्त वाजवते.

मला भंगारात द्यायचं सईबाईंच्या मनात नव्हतं. प्रशिक्षण संस्थेला शिकवण्यासाठी जुनी गाडी हवी होती. पण त्याआधी माझी नोंदणी रद्द करायला हवी होती. पुन्हा आरटीओ, पुन्हा खिडकी. गुरुमूर्ती केव्हाच निवृत्त झाले होते; खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिने अर्ज पाहून सांगितलं, रद्द करण्याचं कारण भरा, बहुतेक लोक ‘निकामी’ लिहितात.

तुळजाने पेन उघडलं. सईबाईंनी ते तिच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘सेवानिवृत्त’.

मुलगी म्हणाली, हे माणसांसाठी असतं. सईबाई नुसत्या उभ्या राहिल्या. मुलीने खिडकीतून बाहेर माझ्याकडे पाहिलं, आणि अर्ज आत घेतला.

आता दर गुरुवारी अकरा मुली येतात आणि माझं इंजिन उघडून पुन्हा जोडतात. कधी दोन बोल्ट उरतात, तेव्हा पुन्हा उघडतात. मला त्याचं काही वाटत नाही. उलट आठवडाभर मी वाट पाहते. तुम्ही या बाजूला आलात तर जरूर डोकावून जा. एवढीच विनंती, बॉनेट आपटून बंद करू नका. दोन्ही तळवे टेकवा आणि हलकेच दाबा. तेवढ्याने ते बसतं.