बिडाच्या तव्याला गंज चढतो

मित्रांनो, अशी कल्पना करा की तुम्ही वीस वर्षे तेल पिऊन काळेभोर, तुकतुकीत झाला आहात आणि एके दिवशी पाहता तर अंगभर तांबूस गंज! माझे असेच झाले. मी एक जुना बिडाचा तवा आहे.

कोल्हापूरच्या एका कारखान्यात मला ओतले. माझी मालकीण प्रतिमा हिने मला साड्यांत गुंडाळून अमेरिकेत, ईडन प्रेरीला आणले. दर रविवारी माझ्यावरची घावने खायला मंडळी जमत. प्रतिमा मला कधी साबण लावत नसे. पुसून तेलाचा हात फिरवी.

आमच्याकडचे डिशवॉशर म्हणजे भांडी निथळायची जागा. ते कुणी चालूच करत नसे. २००४च्या मे महिन्यात प्रतिमाच्या नऊ वर्षांच्या लेकीने, अबोलीने, आईला खूश करायचे ठरवले, मला त्यात ठेवले आणि बटण दाबले. नंतर दार उघडून मला पाहिले मात्र, तिने मला थेट कचऱ्याच्या पिशवीत लपवले.

आई कामावरून येईपर्यंत शेजारच्या सुहासिनीकाकू तिच्या सोबतीला असत. पूर्वी त्या पुण्यात रसायनशास्त्र शिकवत. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिले.

“आय किल्ड इट, काकू! आईचा फेवरिट तवा!”

“अगं वेडाबाई, मेला नाही तो. साबणाने तेलाचा थर गेला, अंग ओले राहिले. मग लोखंडाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला. यालाच ऑक्सिडेशन म्हणतात.”

“सच अ वीअर्ड नेम.”

“ऑक्सिजनवरून आलेय. ज्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते नाव ठेवले, त्यांना वाटले, प्रत्येक आम्लात हा वायू असतोच. म्हणून ग्रीक शब्द जोडून ‘आम्ल निर्माण करणारा’ असे नाव दिले. पुढे कळले, तसे काही नसते.”

“सो दे मेस्ड अप?”

“चांगलेच!”

“मग त्यांनी ते हाइड केलं?”

“छे! पुस्तकात छापलेय. सगळे जग वाचते.”

अबोलीने मला पिशवीतून बाहेर काढले. मग दोघींनी मला चिंचेच्या कोळाने घासले, गॅसवर कोरडे केले, तेल चोळले. गंज गेला, पण तो जुना काळा रंग काही आला नाही. मी डागाळलेला, करडा दिसत होतो. मित्रांनो, आम्हाला ओले ठेवू नका, एवढेच मागणे आहे. तेलाच्या एका हातावर आम्ही नातवंडांपर्यंत टिकतो.

तेवढ्यात गॅरेजमध्ये गाडी शिरल्याचा आवाज आला.

“काय गं, लपवायचा का परत?” काकूंनी हसून विचारले.

अबोलीने नकारार्थी मान हलवली. मी आता गार झालो होतो. तिने मला दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरले आणि स्वतःच जाऊन आईला दार उघडले.