आपोआप लागणारा दिवा

गिरणीमागच्या मैदानात सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. मधोमध एक पांढरी घरगाडी उभी होती. जीपला जोडून ओढत नेतात तसली; आत दिवे, पंखा, सगळं बॅटरीवर. तिच्या उघड्या दारात बाकावर, पाय सतरंजीवर टेकून दिवेबाबा बसले होते आणि समोर माझी वहिनी.

"बाधा बाहेर येतेय बरं का!" बाबांनी दोन्ही हात वर केले. "हाताला वायर नाही, बटण नाही. डोळे भरून बघा!"

डोक्यावरचा दिवा गपकन विझला. पंखा थांबला. बाबा पुटपुटत राहिले आणि थोड्या वेळाने दिवा आपोआप लागला. गर्दीने हात जोडले.

"उतरली बाधा! आता गोळ्या बंद. विष कशाला पोटात घालायचं?"

वहिनीला फिट्स यायच्या. गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या, पण गुंगी राहायची. ती शिवणकाम करते. "हात जड पडतो हो वन्सं, शिलाई वाकडी जाते," म्हणायची. घरी आल्या आल्या दादाने सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. मी चिडले, विनवण्या केल्या, नवी पाकिटं आणून दिली. तिने ती हसून बाजूला ठेवली.

"दिवा लागला ना, वन्सं? तुम्हीसुद्धा पाहिलात."

पाहिला होता. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, आणि तो कसा लागला हे मला सांगता येत नव्हतं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी मैदानात परत गेले; गर्दी तशीच होती. घरगाडीच्या पुढच्या टोकाला बॅटरीची पेटी उघडी होती. जाड तारेवर एक छोटी धातूची डबी बसवलेली, बटण नसलेली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

फ्यूज जळला की बदलावा लागतो. साधा ब्रेकर पडला की हाताने चढवावा लागतो. पण ही तिसरी जात. जास्त वीज ओढली गेली की आतली धातूची पातळ पत्री तापून वाकते आणि जोड तुटतो. गार झाली की पत्री सरळ होते, जोड पुन्हा जुळतो. गाडीला आग लागू नये म्हणून केलेली सोय ती. मग इथे जास्त वीज ओढतंय कोण?

बाबा कुणाच्या तरी नव्या मोटारीला आशीर्वाद द्यायला उतरले, तशी मी दारात चढले आणि सतरंजी उचलली. खाली चपटं बटण. बाकाच्या पोटात त्या बटणाला जोडलेला हीटर.

"इथे टाच दाबून धरा," मी पुढे उभ्या असलेल्या पोस्टमनला म्हटलं.

दिवा विझला. जरा वेळाने लागला, पुन्हा विझला, पुन्हा लागला. मंत्र नाही, बाबा नाहीत. बाकातून ऊब येत होती. कुणीतरी फिसकन हसलं.

"बाई, श्रद्धेशी खेळू नका!" बाबा धावत आले.

"खेळ तुम्ही मांडलाय," मी म्हणाले.

तेवढ्यात शेजारीण धापा टाकत आली. वहिनी मशीनवरच कोसळली होती. एक फिट संपते न संपते तोच दुसरी.

"बाबांना डिवचलं ना!" गर्दीतून आवाज आला. मघाशी हसलेलेही मान डोलवू लागले. दिवेबाबा त्या गडबडीत जीप जोडून निघून गेले. अडवायला कुणीच पुढे झालं नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, "गोळ्या एकदम तोडल्या की असंच होतं. गुंगी येत होती तर मला सांगायचं, औषध बदललं असतं." वहिनी अजून शुद्धीवर आलेली नाही. बाहेरच्या बाकावर मी दादाला सगळं सांगितलं: पत्री, हीटर, टाच. त्याने नीट ऐकून घेतलं.

"कळलं गं मला," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "पण एकदा बोलावून बघायचं का दिवेबाबांना?"

मी त्याचा हात तेवढा धरला.

तुम्हाला मात्र सांगते. कसं घडलं ते कळत नसेल, तर कळत नाही एवढंच म्हणा आणि शोधा. तोवर कुणाचंही औषध थांबवू नका.