कपाटातला शालीकराम

मी एक जुना जबडा आहे. घाबरू नका मित्रांनो, खरा नाही, प्लास्टिकचा आहे. मला जीभ नाही, ओठ नाहीत, तरी आज तोंड उघडायचे ठरवले आहे. गोंदियातल्या एका मोठ्या दवाखान्यात तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रियांचा विभाग आहे. तिथल्या काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म नागपूरचा. तो एका माणसाच्या सिटी स्कॅनमधून झाला. त्या माणसाचे नाव शालीकराम. कोहमाऱ्याच्या चौकात उभा राहून तो काळी-पिवळी जीपमध्ये सवाऱ्या भरायचा. "नवेगाव, अर्जुनी! नवेगाव, अर्जुनी!" अशी हाक द्यायचा आणि आवाज असा, की ढाब्यावर जेवणारा ट्रक ड्रायव्हर हातातला घास तसाच धरून वळून बघायचा. गालात मात्र सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्या खर्ऱ्यामुळेच डाव्या जबड्यात कॅन्सरची गाठ धरली आणि तिने हाड पोखरून टाकले.

डावी बाजू अशी नासलेली, मग नमुना कशावरून बनवायचा? कॉम्प्युटरने त्याची धड असलेली उजवी बाजू आरशात दिसते तशी उलटवली आणि डावीकडे बसवली. मग एका यंत्राने प्लास्टिकचा धागा वितळवून, थरावर थर देत मला घडवले. म्हणजे माझी उजवी बाजू शालीकरामची आहे आणि डावी बाजू कधीच कुणाची नव्हती. ही गोष्ट मनात आली, की मला अजूनही कसेसेच होते.

डॉक्टर प्रेरणा मॅडम तेव्हा एक अभ्यास करत होत्या. सडलेले हाड काढले, की तिथे धातूची पट्टी बसवतात. ती पट्टी ऐन शस्त्रक्रियेच्या टेबलावर वाकवण्याऐवजी आधीच माझ्यासारख्या नमुन्यावर वाकवून ठेवली, तर माणसाला पुढे चावता-बोलता अधिक चांगले येते का, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी प्रत्येक रुग्णाची वर्षभर तपासणी व्हायची होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला शालीकरामच्या हातात दिले. त्याने मला उलटे-सुलटे करून पाहिले.

"हा माझाच जबडा काय?" तो म्हणाला. "म्हणजे आता मी दुतोंड्या झालो."

शेजारी त्याची बायको रुख्मा उभी होती. ती पदराआड हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

शस्त्रक्रिया छान झाली. पट्टी अशी चपखल बसली, की दातावर दात जुळला. सहा महिन्यांच्या तपासणीला शालीकराम आला, तो चकलीचा तुकडा मॅडमसमोर मोडून खाऊन गेला. नागपूरच्या एका परिषदेत माझा फोटो भल्यामोठ्या पडद्यावर झळकला आणि डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. जबड्याला दुसरे काय हवे?

पुढे शालीकराम तपासणीला आला नाही. बरा झाला असेल, म्हणून आला नसेल, असे सगळे धरून चालले. माणूस गावी राहिला आणि नाव तेवढे माझ्यापाशी उरले. माझ्या हनुवटीवर ते काळ्या शाईने लिहिलेलेच होते. विभागात मुन्नाभाऊ नावाचे जुने, पोक्त शिपाई आहेत. ते आम्हा नमुन्यांना त्या त्या रुग्णाच्या नावानेच हाक मारत. "गुलाबचंदला पुसलं, सोनिकाला खाली ठेवलं, शालीकराम, तू सरक जरा." पुढे मॅडमनाही तीच सवय लागली. त्यात कुणाचे काही वाईट मनात नव्हते. उलट मला ते घरच्यासारखे वाटायचे.

पण भाताची कापणी सुरू झाली त्या सुमारास काहीतरी बिनसले. मुन्नाभाऊंनी "शालीकराम" म्हटले, की माझ्या आधी कुणीतरी वळायचे. मी तर जागचा हलत नाही. तरी माझ्या डाव्या बाजूला, जी कुणाचीच नव्हती, तिथे कुणीतरी येऊन राहिले आहे असे वाटू लागले. तिथले दात थंड पडायचे. कपाट बंद असले तरी आत कुणीतरी शब्द जुळवायची धडपड करायचे आणि एकही शब्द लागायचा नाही. मला भीती वाटायची. सांगू कुणाला? शेजारचा गुलाबचंदही चकार शब्द काढत नव्हता.

वर्ष भरले तेव्हा दवाखान्यातून शालीकरामच्या घरी फोन गेला. "त्यांना उद्या तपासणीला पाठवा." पलीकडून बाईमाणसाचा आवाज "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मा एकटीच आली आणि दाराबाहेरच्या बाकावर बसली. ती आल्याचे आत कुणाला माहीत नव्हते. मॅडमना माझी मापे पुन्हा घ्यायची होती.

"मुन्नाभाऊ, शालीकराम कुठे आहे?"

"इथंच है मॅडम, कपाटात. जाएगा कहाँ?"

मुन्नाभाऊंनी मला बाहेर काढले, तोच रुख्मा दारात येऊन उभी राहिली. तिने चौकट घट्ट धरली होती.

"कुठी आहेत?"

"कोण?" मॅडमनी विचारले.

"रिंकीचे बाबा. तुमी आत्ता नाव घेतलं न त्याईचं."

मॅडमनी तिला ओळखले. "अहो रुख्माताई, या ना. एकट्याच आलात? त्यांना आणायचं होतं."

"ते तं गेले मॅडम. कापणीच्या वक्ती. मानेत पुन्हा गाठ आली होती. तुमचा फोन आला, तं मी बरं म्हटलं. फोनवर कसं सांगू?"

मॅडमनी हातातली मोजपट्टी खाली ठेवली. त्यांच्या अभ्यासात सगळ्यांत चांगला निकाल शालीकरामचा होता. पट्टी उत्तम, दात उत्तम. माणूस मात्र हातचा गेला होता आणि तो का येत नाही, हे विचारायला इतके दिवस कुणी फोन केला नव्हता.

रुख्माची नजर माझ्यावर खिळली होती. "तेरवी झाली, सारं झालं. तरी येतेत. झोपेत नाही, भर दुपारी, मी भांडे घासून राहिली तवा. अंगणात उभे राहून तोंड हलवतेत. शब्द काही समजत नाही. मले वाटलं, हाड इथं राहिलं, म्हणून जीव अडकला असन."

"हे हाड नाही हो, ताई," मॅडम हळू म्हणाल्या. "प्लास्टिक आहे. खरं हाड तपासणीला गेलं होतं. ते आता कुठेच नाही."

"भाभी, ले जाओ हे," मुन्नाभाऊ म्हणाले. "आम्ही रोज ह्यालाच शालीकराम म्हणून हाक मारतो. नदीत सोडून द्या."

मॅडमनी मान डोलावली. माझा जीव टांगणीला लागला. प्लास्टिक काही पाण्यात विरघळत नाही. मी तळाशी रुतून बसलो असतो आणि माझ्याबरोबर तोही. रुख्माने मला हातात घेतले, दातांवरून अंगठा फिरवला आणि टेबलावर ठेवून दिले.

"हे नको मले. पन हे प्लास्टिक आहे, तं नाव त्याईचं कायले घेऊन राहिले? मी लगीन होऊन आली, तवापासून एक डाव त्याईचं नाव तोंडात आणलं नाही. अन् इथं तुमी रोज हाका मारून राहिले. साऱ्या जिंदगीत हाका मारून पोट भरणारा मानूस तो. हाक आयकली की थांबन कसा? घरी येते तं बोलायले तोंड नाही. इथं येते तं तोंड आहे अन् त्यात जीव नाही."

मुन्नाभाऊंनी मान खाली घातली. "चूक झाली भाभी," एवढेच ते म्हणाले.

रुख्माने डोक्यावर पदर घेतला. ती माझ्यावर वाकली. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. जन्मभर अडवून धरलेला शब्द होता तो. मग घसा खाकरून ती म्हणाली, "शालीकराम."

माझ्या डावीकडे कुणीतरी वळले.

"शालीकराम, चला घरी."

मित्रांनो, माझी डावी बाजू त्या क्षणी रिकामी झाली. मला ते स्पष्ट कळले आणि मला रडू आले, पण रडायला डोळे कुठून आणू? रुख्मा मागे वळून न पाहता दारापर्यंत गेली. तिथे थांबून, बाजूला कुणीच नसताना, हलकेच म्हणाली, "पायरी आहे. हळू." एक पाऊल खाली पडायला लागेल तेवढा वेळ ती थांबली. मग निघून गेली.

मुन्नाभाऊंनी स्पिरिटच्या बोळ्याने माझ्या हनुवटीवरचे नाव पुसले. मॅडमनी त्याच दिवशी बाकीच्या सगळ्या रुग्णांच्या घरी स्वतः फोन लावले. पट्टीची चौकशी त्यांनी नंतर केली, आधी माणसाची केली.

मित्रांनो, तुम्ही खूप शिका, नवे शोध लावा. पण ज्या माणसाच्या दुखण्यावर शिकाल, त्याची विचारपूस सोडू नका. आणि तो गेलाच, तर त्याचे नाव आपल्या कपाटात कोंडून ठेवू नका, त्याच्या घरी पोचते करा. तिथे कुणीतरी ते जन्मभर ओठांवरही न आणता जपलेले असते.