व्हार्निशखालचे कुंकू

मित्रांनो, मी एका होडीची जुनी मोटर आहे. भिगवणच्या पुढे उजनी धरणाच्या पाण्याकाठी एका बाभळीला दोरीने बांधलेली होडी दिसेल. तिच्या मागच्या फळीवर मी बसवलेली आहे. माझा पांढरा रंग पिवळट झाला आहे आणि पंख्याच्या एका पात्याला वेल्डिंगचा डाग दिलेला आहे. तो डाग का द्यावा लागला, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. तो मला नीट आठवत नाही. आधी मी कोकणातल्या एका खाडीत सात वर्षे काम केले. मग मला टेम्पोत गवतावर आडवी घालून इकडे आणले. होडीवाल्या सोनबाने मला उतरवून घेतले. त्याची बायको झुंबर कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"डोस्कं एवढं मोठं आन् पाय एवढासा," ती म्हणाली. "हिला पान्यातनं उचलायची कुनी?"

"बटन हाय तिला. दाबलं की आपली आपन उठतीया."

"मंग तुमच्यापरीस बरी हाय."

तो हसला. मला ते घर तेव्हाच आवडले.

बटण दाबले की माझ्या आतला रिले, म्हणजे विजेचा खटका, टक असा आवाज करतो. मग एक छोटा पंप फिरतो आणि माझा पाय पंख्यासकट पाण्याबाहेर येतो. हे उचलणे इथे फार गरजेचे आहे. या पाण्याखाली जुन्या गावांच्या भिंती आहेत, विहिरींचे कठडे आहेत. थंडीत ते खोल असतात. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते पृष्ठभागाखाली जेमतेम वीतभर उरतात आणि वरून दिसत नाहीत.

म्हणून झुंबर होडीच्या पुढच्या टोकाला बसायची. तिच्या हातात बांबू असायचा. ती तो पाण्यात टेकवत राहायची आणि कठडा लागला की ओरडायची, "उचला वो!" मागे सोनबा बटण दाबायचा. रोहित पक्षी बघायला आलेले पाहुणे दचकायचे. नऊ वर्षांत माझे पाते एकदाही दगडाला लागले नाही. सोनबा सगळ्यांना सांगायचा, मोटर गुणाची आहे. खरे तर बांबू गुणाचा होता.

झुंबरची एक रीत होती. खंडेनवमीला घरोघरी यंत्रे पुजतात, तशी ती मला पुजायची. मला फळीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर एक बोल्ट आहे. त्याच्याखाली एक काळी वायर आहे. ती माझी अर्थिंगची वायर. बॅटरीतून निघालेली वीज काम करून त्याच वाटेने परत जाते. झुंबरला हे ठाऊक नव्हते. तिला ती जागा कुंकवासाठी बरी वाटायची, एवढेच. ती सोनबाकडून बोल्ट सोडवून घ्यायची आणि चिंच व राख लावून ती जागा घासायची. सोनबा घाई करायचा.

"आगं, लाव की कुकू. किती घासशील?"

"थांबा. आदी मागल्या सालचं निघू द्या."

धातू लख्ख झाला, पाण्याने धुऊन पुसला, की वायर आणि बोल्ट जागेवर जायचे. मग बोल्टच्या शेजारी ती अंगठ्याने नवे कुंकू लावायची.

एका वर्षी असेच कुंकू लावले आणि पौषात तिला ताप आला. तिला इंदापूरला दवाखान्यात नेले. आठव्या दिवशी ती गेली.

दीड महिना होडीकडे कोणी आले नाही. मग एका सकाळी सोनबा आला. तो माझ्याजवळ फळीवर बसला. ब्रॅकेटवर झुंबरच्या अंगठ्याचा ठसा अजून होता. दवाने थोडा फिका झाला होता, पण रेषा दिसत होत्या. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. मग घरी जाऊन त्याने दाराला लावून उरलेले व्हार्निश आणले. वायर आडवी येत होती म्हणून त्याने बोल्ट सोडला. कापसाच्या बोळ्याने त्या जागेवर हलके हलके व्हार्निशचे तीन हात दिले. ते वाळल्यावर वायर ठेवून बोल्ट पुन्हा आवळला.

त्या दिवसापासून माझी वायर धातूवर नव्हती, व्हार्निशवर होती.

पुढच्या खंडेनवमीला त्याने मला हार घातला. ती जागा घासली नाही. हळूहळू मी उठताना अडू लागले. नंतर नुसते टक व्हायचे आणि मी पाण्यातच राहायचे. सोनबा पंपाचा स्क्रू ढिला करून मला दोन्ही हातांनी उपसायचा. माझे वजन थोडे नाही. एकदा पाहुणे होडीत असताना कठडा आला. पुढे बांबू नव्हता आणि बटण दाबूनही मी उठले नाही. माझे पाते फुटले, होडी कलंडता कलंडता राहिली. एक बाई मुलाला छातीशी धरून रडत होती. काठावर आल्यावर सोनबाने सगळ्यांना हात जोडले. त्या दिवसापासून होडी बाभळीला बांधली गेली.

पाते डाग देऊन आले. पण मी उठत नव्हते, तोवर होडी सुटणार नव्हती. शेवटी इंदापूरहून खाजाभाई आला. तो उसाच्या ट्रॅक्टरचे सेल्फ आणि डायनामो दुरुस्त करतो.

"तात्या, पान्यातला ट्रॅक्टर पयल्यांदाच बगतोय," तो म्हणाला. "हिला बैल तरी कुठं जुपायचा?"

सोनबा हसला नाही. मग खाजाभाई कामाला लागला.

त्याने बॅटरीची टोके घासली आणि मीटर लावले. बॅटरी ठीक होती. फ्यूज काढून उन्हात धरला. तोही ठीक. बटण दाबले. टक.

"रिले बोलतोय. म्हंजी बटन बरं हाय."

वर जायचा रिले आणि खाली जायचा रिले यांची त्याने अदलाबदल केली. तरी नुसते टक. मग पंपाच्या निळ्या आणि हिरव्या वायरी सोडवून त्या थेट बॅटरीला जोडल्या. पंप गुरगुरला आणि मी वर आले. सोनबा उठून उभा राहिला.

"पंप जिता हाय, तात्या. काय बी बदलाय नगं."

मला मात्र धास्ती वाटली. आता शोध कुठे जाणार हे मला कळले होते. मला बोलता आले असते तरी मी सांगितले असते की नाही, कोण जाणे.

वायरी उलट जोडून खाजाभाईने मला परत खाली सोडले, त्या जागेवर बसवल्या आणि ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा बल्ब घेतला. एक वायर बॅटरीच्या प्लसला लावली आणि दुसरी मायनसला. बल्ब लख्ख पेटला. मग ती दुसरी वायर मायनसवरून काढून माझ्या अर्थिंगच्या काळ्या वायरीला लावली. बल्ब निखाऱ्यासारखा मंद लाल झाला.

"वीज जाती, पन परत येत न्हाय." त्याने काळ्या वायरीवरून बोट फिरवत नेले. बोट ठशापाशी थांबले. "ह्यो व्हार्निश कुनी मारला?"

"मी."

"वायरीखाली? आवो तात्या, रंगावर कुठं अर्थिंग बसतं व्हय? डोस्कं गहाण..." आणि मग त्याला आतला लाल अंगठा दिसला. त्याने पाना खाली ठेवला. "वहिनीचा हाय?"

सोनबाने मान डोलावली.

खाजाभाईने कपाळाचा घाम पुसला. "मी दुसरीकडं भोक पाडून वायर देतो. ह्याला हात लावाय नगं."

सोनबाचा चेहरा उजळला. पण खाजाभाई बोलायचा थांबला नाही. "खोटं न्हाय सांगत. व्हार्निशच्या कडंनं पानी आत शिरलंय. बगा, धातूची पांढरी भुकटी झालीया. ठसा तसाच ठिवला तर खालनं खात ऱ्हानार. दोन सालात ब्रॅकेट तुटंल आन् ही पान्यात जाईल. ठसा बी तिच्यासंगं जाईल."

उथळ पाण्यात रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते.

"ती दरसाल घासायची," सोनबा म्हणाला.

"काय?"

"हीच जागा. मागल्या सालचं निघाल्याबिगर नवं लावायची न्हाय. म्या घाई केली की मला वरडायची."

खाजाभाईने पॉलिश पेपर काढला आणि तो घासायला वाकला.

"द्या हिकडं," सोनबा म्हणाला. "मी करतो."

त्याने स्वतः घासले. आधी व्हार्निश निघाले, मग कुंकू, मग पांढरी भुकटी. कागद लाल झाला. त्याने ओंजळीने पाणी घेऊन ती जागा धुतली. झुंबर धुवायची, तसेच ते पाणी त्याने उजनीतच जाऊ दिले. नंतर ती जागा कोरडी पुसली.

धातू चमकू लागला. खाजाभाईने वायर बसवली, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. "आता दाबा, तात्या."

टक. पंप फिरला. मी उठले.

मित्रांनो, मी आता पुन्हा काम करते. होडी सावकाश चालते, कारण सोनबा एकटाच मागे बसून आजूबाजूला बांबू टेकवत राहतो. कठडा लागला की तो अगदी हळू, स्वतःशीच म्हणतो, "उचला वो." मग बटण दाबतो. पाहुण्यांना ते ऐकू जात नाही. मला जाते.

तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल. त्याच्यावर कोणाची तरी आठवण असेल. ती झाकून ठेवू नका. वर्षातून एकदा तरी बोल्ट सोडा, जागा घासा, कोरडी पुसा. आम्हाला हार नसला तरी चालतो, पण हात लागावा लागतो.

या खंडेनवमीला सोनबा चिंच आणि राख घेऊन आला होता. त्याने स्वतःच्या अंगठ्याने कुंकू लावले. त्याचा अंगठा जाड आहे, ठसा वाकडा उमटला. तो थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

पुढच्या खंडेनवमीला तो पुसायचा आहे.