अक्षतांच्या आड

मंजुनाथच्या दुकानात काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. आमचे दोन्ही जुने कॅमेरे दुरुस्तीच्या पलीकडे गेले होते. हाताशी होते तेवढ्या पैशांत एक मोठा सेमी-प्रोफेशनल कॅमेरा येत होता, नाहीतर नवशिक्यांसाठीचे छोटे दोन. मोठा घेतला की तो आमच्या ह्यांच्या, म्हणजे गिरीधरच्या गळ्यात जाणार आणि मी घरी अल्बम जुळवत बसणार. छोटे घेतले तर एक माझा. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या बरोबरीनं फोटो काढतेय, पण लोक फोटोग्राफर म्हणून ह्यांनाच हाक मारतात. मला म्हणतात, "अक्का, स्वल्प बाजूला व्हा."

"मोठाच घ्यायचा," गिरीधर म्हणाले. "छोटा हातात दिसला की गिऱ्हाईक आपल्याला हौशी समजतं."

"गिऱ्हाईक फोटो बघतं की कॅमेऱ्याचा आकार?"

"तुला त्यातलं कळत नाही, हेमा."

माझं डोकं सणकलं. मंजुनाथ घाईघाईनं मध्ये पडला. "जगळ नको, अक्का, भांडता कशाला? उद्या मल्लेश्वरमला लग्न आहे ना? दोन्ही भाड्यानं न्या. संध्याकाळी येऊन सांगा कुठला ते."

"सरी, तसं करू," गिरीधर म्हणाले आणि मोठा उचलून गळ्यात घातला. छोटा माझ्याकडे सरकवला.

लग्न प्रतापरावांच्या मुलीचं होतं, रूपश्रीचं. बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरांत प्रतापरावांचा शब्द चालतो. त्यांनी नाक मुरडलं असतं तर आम्हाला पुन्हा कोणी बोलावलं नसतं.

मुहूर्त जवळ आला. गिरीधर अंतरपाटासमोर, अगदी मोक्याच्या जागी उभे होते. मला खांबाशेजारी कोपरा मिळाला होता. माझ्या कॅमेऱ्याचा फोकस इतका मंद, की अंतरपाट सरकल्यावरही तो चाचपडतच राहिला असता. म्हणून मी ऑटोफोकस बंद केला. रूपश्रीच्या मुंडावळ्यांवर हातानं फोकस लावला आणि रिंगवरचं बोट हलू दिलं नाही. गिरीधरच्या कॅमेऱ्यात हलती वस्तू आपोआप पकडायची सोय होती. सकाळपासून ह्यांचं त्या सोयीचंच कौतुक चाललं होतं.

शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट सरकला, वाजंत्री कडाडली. चहूकडून अक्षता आल्या, आमच्याकडचे लोक मूठभर घेऊन जोरानं फेकतात तशा. मी श्वास रोखून बटण दाबत राहिले.

गर्दी ओसरल्यावर गिरीधरनी कॅमेऱ्याच्या मागचा पडदा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. मी वाकून बघितलं. प्रत्येक फोटोत तांदळाचा दाणा न् दाणा स्पष्ट, वर लागलेलं कुंकूसुद्धा दिसत होतं. मागे नवरा-नवरी नुसती धूसर. कॅमेऱ्यानं हलती वस्तू पकडली होती खरी.

तेवढ्यात प्रतापराव आले. "गिरीधर, मुहूर्ताचा फोटो दाखव पाहू."

गिरीधरनी माझ्याकडे हात केला. "हेमा, तुझा कॅमेरा दे इकडे."

मला कळलं. माझा फोटो ह्यांचा म्हणून दाखवला जाणार होता. अंगाची लाही लाही झाली. नाही म्हटलं तर भर हॉलमध्ये नवऱ्याची शोभा, आणि दिला तर संध्याकाळी दुकानात बोलायला मला तोंड उरणार नव्हतं. ह्यांनी पट्टा ओढला. मी सोडला नाही.

"मी दाखवते, अण्णा," मी प्रतापरावांना म्हटलं.

प्रतापरावांनी चष्मा लावला. फोटोत रूपश्री हार उचलून नवऱ्याकडे बघत होती, डोळे भरलेले, ओठांवर हसू.  उपरण्यानं डोळे पुसत प्रतापरावांनी विचारलं, "कोणी काढला हा?"

मी गिरीधरकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता तुम्हीच सांगा.

"हिनं," ते म्हणाले. मग स्वतःचा कॅमेरा बंद करत म्हणाले, "माझे सगळे वाया गेले."

एवढं सांगायची गरज नव्हती. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

परतताना रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकून पडली. गिरीधर मोठा कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते.  दुकानात शिरताच मोठा कॅमेरा काउंटरवर ठेवून, माझ्याकडे न बघता ते मंजुनाथला म्हणाले, "छोटे दोन दे."

मला हवं होतं तेच झालं होतं. पण माझा हात मोठ्या कॅमेऱ्यावर पडला.

"एकच द्या. हा."

"आता कशाला?" गिरीधर चिडले. "तुझंच खरं झालं ना?"

"मी छोटा मागत होते, कारण त्याशिवाय माझ्या वाट्याला काहीच आलं नसतं."  मोठ्याचा पट्टा मी गळ्यात घातला. मान दुखेल इतकं वजन होतं. "ह्याला मी शिकवीन कुठं बघायचं ते. मुहूर्ताला समोर मी उभी राहणार. तुम्ही लाइट धरा."

मंजुनाथ बिल फाडता फाडता थांबला. गिरीधर दाराकडे बघू लागले. आता हे निघून जाणार, असंच मला वाटलं.

"बिलावर हिचं नाव घाल," ते मंजुनाथला म्हणाले. आवाज कोरडा होता. मग त्यांनी वाकून काउंटरला टेकवून ठेवलेला आमचा लाइटचा स्टँड उचलला.