उत्तरं देणारी बाई

बिस्किटाचा एक कोपरा गेलेला होता. तुटलेला नव्हे, चक्क खाल्लेला. दातांची नीटस नक्षी उमटली होती आणि मधलं पिवळं क्रीम जरा बाहेर आलं होतं, आणि खाणाऱ्याने ते पुन्हा प्लेटमध्ये ठेवून दिलं होतं, जणू काही झालंच नाही... बेव्हर्लीने प्लेट हळूच फिरवली, तो कोपरा भिंतीकडे जाईल अशी. सात बिस्किटं. मुलाखत घेणारे तीन, देणारे तीन, म्हणजे सहा, आणि सातवं डेझमंडचं जादाचं. डेझमंड स्पेट हा पाठीराख्यांच्या संघटनेचा प्रतिनिधी, आणि पाठीराख्यांना काहीही द्या, ते एकाने कमीच पडतं. हॅदर्ली टाऊन फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरीच्या खुर्चीत तेवीस वर्षं काढलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको.

"दोन झाले, एक राहिला," चेअरमन ऑर्मरॉड घड्याळाकडे बघत म्हणाले. "माझं विचाराल तर झालंच आहे. ती पोरगी. टॅबिथा."

"अरे क्लाइव्ह, ती आपल्याला ग्राहक म्हणाली," डेझमंड म्हणाला. हे दोघे एका शाळेत एका बाकावर होते, त्यामुळे गावात चेअरमनना 'अरे' म्हणणारा तो एकटाच. "तीनदा म्हणाली. मी मोजलं."

"मग काय, फुकट येता का तुम्ही?"

"पैसे देऊन छळ सोसणाऱ्याला ग्राहक म्हणत नाहीत रे. त्याला पाठीराखा म्हणतात."

बेव्हर्ली हसली नाही, कारण तिचं लक्ष गुणपत्रकावर होतं. आधीच्या दोघांना तिने प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी तीन दिले होते — सैन्यातून निवृत्त झालेल्या त्या सार्जंटलाही तीन, ज्याच्या मते पाठीराख्यांना फक्त शिस्तीची गरज होती, आणि व्यायामशाळांच्या कंपनीतून आलेल्या टॅबिथालाही तीन, जिच्या मते पाठीराख्यांना 'प्रवास' हवा होता. (त्यांना प्रवासच आहे बाई. दर दुसऱ्या शनिवारी, बसने, हरायला.) तीन म्हणजे काय, तर माझं काही म्हणणं नाही. आणि खरंच नव्हतं. सोमवारपासून क्लबमध्ये 'पाठीराखे संपर्क प्रमुख' नावाचा माणूस येणार, त्याला खिडकीजवळचं टेबल मिळणार, आणि क्लबला येणारं प्रत्येक पत्र, प्रत्येक तक्रार, प्रत्येक शिवी त्याच्याकडे जाणार. सुटले मी! असं ती गेला महिनाभर सगळ्यांना सांगत होती. बहिणीला, दूधवाल्याला, दाताच्या डॉक्टरला, आणि तेही तोंडात आरसा असताना.

"मग तूच का नाही अर्ज करत?" बहीण म्हणाली होती. "तेवीस वर्षं उत्तरं कोण लिहितंय?"

"मिस्टर ऑर्मरॉड लिहितात."

"ते सही करतात गं."

ते खरंच होतं. गुरुवारी दुपारी ती पत्रांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवायची, बोट ठेवून 'इथे' म्हणायची, ते सही करायचे. 'इथे' — सही. 'आणि इथे' — सही. मध्येच फोनवर कुणाला तरी गालिच्यांचा भाव सांगायचे, कारण त्यांची गालिच्यांची चार दुकानं होती. काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नाही. विश्वास होता त्यांचा तिच्यावर, आणि तिला तो विश्वास एखाद्या पदकासारखा वाटायचा... वाटायचा ना? हो. वाटायचाच.

दारावर टकटक झाली.

"उमेदवार तीन," ती म्हणाली. नावं तिलाही माहीत नव्हती. चेअरमनांच्या सुनेने कुठलासा कोर्स केला होता, आणि त्यात म्हणे शिकवतात, की अर्जावरची नावं आणि वयं काळी करायची, म्हणजे निवड निष्पक्ष होते. ते सगळं सुनेने केलं होतं आणि नावांची यादीही तिच्याकडेच होती. उमेदवार तीनच्या अर्जात 'अनुभव' या रकान्यात एवढंच होतं: 'क्लबशी तेवीस वर्षांचा अखंड पत्रव्यवहार.' हा नगरपालिकेतला कुणी असणार, किंवा पोलिसांतला, असं धरून बेव्हर्लीने चार गुण दिले होते.

आत आला तो साठीचा उंच माणूस. सूट दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नासाठी शिवलेला, टाय क्लबचा — आत्ताचा नाही, आपण वरच्या विभागात होतो तेव्हाचा — आणि खुर्चीत बसण्याआधी त्याने खुर्ची हलवून पाहिली.

"ही डुगडुगते," तो म्हणाला. "ह्याबद्दल लिहून कळवू, की आत्ताच सांगितलेलं चालेल?"

आणि बेव्हर्लीला, नाव ऐकण्याआधीच, कळलं.

"लेस्ली ग्रिमशॉ," तो म्हणाला. "एच रांग, एक्केचाळीस नंबर."

एल. ग्रिमशॉ! तीनशे बारा पत्रं! चहात साखर आधीच घालून ठेवतात — पत्र. गोलकीपरच्या मोज्यांचा हिरवा रंग हा गवताचा अपमान आहे — पत्र. गोल झाल्यावर भोंग्यातून संगीत लावता, पण आमचा आरडाओरडा आम्हालाच ऐकू येत नाही, आणि तो तर आम्ही वर्षातून सातआठदाच करतो — पत्र, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. सामन्याच्या दिवशी ती ऑफिसच्या खोलीत तिकिटांच्या हिशेबात असायची, मैदान तिला नुसतं ऐकू यायचं. पण महिन्यातल्या एका तरी सोमवारच्या टपालात त्याचं ते निळसर पाकीट नसलं की तिला चुकल्यासारखं व्हायचं, आणि एकदा सलग दोन महिने ते आलं नाही तेव्हा तिने नसत्या सबबीवर चौकीदाराला विचारलं होतं, एच रांगेतले सगळे ठीक आहेत ना?

मग तिने टेबलावरच्या कागदांवर पटकन हात ठेवला. कारण पुढे परीक्षा होती. प्रत्येक उमेदवाराला एक खरं तक्रारपत्र द्यायचं आणि वीस मिनिटांत त्याचं उत्तर लिहून घ्यायचं. आणि ते पत्र निवडायचं काम तिचं. तिने खोक्यातून सगळ्यात चांगलं पत्र काढलं होतं, नाव-पत्ता पांढऱ्या पट्टीने झाकला होता, झेरॉक्स काढल्या होत्या... सगळ्यात चांगलं पत्र कुणाचं असणार?

आता बदलता येईल का? टेबलाखालून? खाली काय आहे, तर सामन्याची जुनी वेळापत्रकं आणि डेझमंडचे बूट.

"आधी काही प्रश्न," चेअरमन म्हणाले. "ह्या क्लबने आजवर केलेली एक चांगली गोष्ट सांगा."

ग्रिमशॉ विचारात पडला. डेझमंडही पडला, त्यालाही आठवेना.

"एच बेचाळीस," ग्रिमशॉ म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, साहेब."

चेअरमनांनी जाणत्या माणसासारखी मान हलवली. काहीही माहीत नसलं की ते अशीच हलवतात. बेव्हर्लीने मात्र मान खाली घातली, कारण तिला आठवलं सहा वर्षांपूर्वीचं ते पत्र — चारच ओळी, त्याचं सगळ्यात लहान — 'माझ्या शेजारचं सीझन तिकीट रद्द करावं. सौ. ग्रिमशॉ यापुढे येणार नाहीत. तक्रार: त्या जागी कुणी बडबड्या बसवू नये.' तिने त्या दिवशी बैठकीच्या नकाशावर एच बेचाळीसवर फुली मारली, म्हणजे ती जागा कायम रिकामी राहील, आणि कारण लिहिलं: 'खांब आड येतो.' एच रांगेत खांबच नाही. सहा वर्षांत कुणी जाऊन बघितलंही नाही. ही माझी आयुष्यातली एकमेव लबाडी, आणि ती ह्या माणसाने ओळखली होती, फक्त... फक्त जमा केली होती दुसऱ्याच्या नावावर.

"तुमची पत्रं मी सगळी ठेवलीत," तो चेअरमनना म्हणाला. "दोन खोकी भरली. फार छान लिहिता तुम्ही, साहेब. मी भांडायला बसायचो आणि तुमचं उत्तर वाचून उठायचो तेव्हा चहा प्यावासा वाटायचा."

"प्रयत्न करतो," ऑर्मरॉड म्हणाले, आणि — हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं — लाजले.

लाजले! तिला हसू येतंय की आणखी काही, हे ठरेना. गेल्या नाताळात ह्या माणसाने 'शुभेच्छा' हा शब्द दोनदा चुकवला होता.

"बेव, पत्र दे की त्यांना."

तिने दिलं. दुसरा काही इलाज नव्हता. ग्रिमशॉने चष्मा लावला, पहिली ओळ वाचली, आणि थांबला. छतातली गळती, पावसाचा थेंब तीन मोसम नेमका एकाच मानेवर, 'मी क्लबसाठी रक्त सांडेन म्हणालो होतो, पाणी झेलेन असं म्हणालो नव्हतो.' चौदा वर्षांपूर्वीचं. त्याने चष्म्यावरून वर पाहिलं. बेव्हर्ली खिडकीबाहेर, कोपऱ्यावरच्या निशाणाकडे, अत्यंत बारकाईने पाहू लागली.

"काही शंका?" चेअरमन.

"नाही, नाही. तक्रार रास्त आहे," ग्रिमशॉ सावकाश म्हणाला. "भाषा मात्र... जरा जास्तच आहे ह्या गृहस्थाची."

"असतात असे काही," चेअरमन समजुतीने म्हणाले. "डोक्यात जातात."

"जात असतील," ग्रिमशॉ म्हणाला आणि लिहायला लागला.

वीस मिनिटं दिली होती, त्याला सहा लागली. एकदाही न खोडता, एकदाही वर न बघता, लहानपणी पाठ केलेलं लिहून दाखवावं तसं. कागद चेअरमनांनी घेतला आणि मोठ्याने वाचला.

"'आपलं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला तुम्ही रागावलेले दिसलात, दुसऱ्यांदा भिजलेले. रागाचं मी काही करू शकत नाही, कारण परवाचा सामना मीही ऐकला. पण भिजण्याचं करू शकतो. माळीबुवा शिडी घेऊन आत्ता वर गेले आहेत, आणि ते खाली येईपर्यंत मी खिडकीतून हलणार नाही...'"

बेव्हर्लीचे कान तापले. शब्दन् शब्द. 'सामना ऐकला' — पाहिला नव्हे, ऐकला! — हे चेअरमनांच्या नावाने लिहिताना तिच्या हातून निसटलं होतं, आणि चौदा वर्षं ते तसंच, न पुसता, एका परक्या माणसाच्या डोक्यात राहिलं होतं. त्या दिवशी ती खरोखर खिडकीत उभी होती, जेवणाचा डबा तसाच ठेवून. गळती थांबली. आणि मग पुढच्या महिन्यात त्याचं पत्र आलं, की आता पुढच्या रांगेतल्यांशी बोलायला विषय उरला नाही, ह्याला जबाबदार कोण?

"अरे वा!" चेअरमन म्हणाले. "अगदी मी लिहिलं असतं तसं!"

"तुम्हीच लिहिलंय, साहेब," ग्रिमशॉ म्हणाला. "ते पत्र माझं होतं. मला ह्याहून चांगलं उत्तर सुचत नाही, म्हणून मिळालं तेच लिहिलं. ही नक्कल धरत असाल तर शून्य द्या."

डेझमंडने प्लेट स्वतःकडे ओढली. चेअरमनांनी कागदाकडे पाहिलं, मग बेव्हर्लीकडे — एक क्षणभर, अगदी एकच, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायला निघालं, अर्ध्यावर आलं, आणि परत फिरलं.

"अर्थात," ते म्हणाले. "आठवलं."

ग्रिमशॉ उठला, खुर्ची आणखी एकदा हलवून पाहिली, सगळ्यांशी हात मिळवला. बेव्हर्लीशी शेवटी. "चहा तुम्हीच केलात ना?" तो म्हणाला. "साखर वेगळी ठेवलीत. धन्यवाद." आणि गेला.

साखर! तीनशे बारा पत्रं, तीनशे बारा उत्तरं, आणि माझ्या नावावर काय जमा झालं, तर साखर.

"हं," चेअरमन हात चोळत म्हणाले. "मी मन बदललं. हाच घ्यायचा. माझ्या शैलीत लिहितो, मला त्रास नाही. डेझमंड?"

"आपला माणूस आहे. ग्राहक म्हणाला नाही."

"बेव? अगं, तुला तर सुटल्यासारखं होईल. आता कसली पत्रं नि कसलं काय."

कसली पत्रं... तिच्या डोळ्यांपुढे सोमवार आला: टपाल येईल, निळसर पाकीट नसेल, कारण ते पाठवणारा खिडकीजवळच्या टेबलाशी बसून दुसऱ्यांना उत्तरं लिहीत असेल — माझ्या वाक्यांत, चेअरमनांच्या सहीने. तो चांगलं करेल. ह्या तिघांत तोच चांगला, त्याला पाचपैकी पाच, ह्यात शंकाच नाही. आणि तरीही पेन कागदाच्या वर एक बोटभर अंतरावर थांबलं होतं आणि खाली येत नव्हतं.

"बेव, बोल की."

गंमत अशी की तिला राग आला होता. तिने तो नीट तपासून पाहिला. दुसऱ्यांचे राग तिने हजारांनी हाताळले होते, घड्या उलगडल्या होत्या, तारखेचे शिक्के मारले होते, पण हा घरचा होता, ताजा, आणि त्याचं काय करतात हे तिला माहीत नव्हतं. उत्तर द्यायचं तर ते सुचेना. उत्तर सुचेना! तिला! त्याऐवजी कुठूनतरी खालून, पोटाच्या तळातून, दुसरंच काहीतरी वर येत होतं, ज्याची सुरुवात 'आपलं पत्र मिळालं' अशी नव्हती. महोदय, ते म्हणत होतं, महोदय, गेली तेवीस वर्षं... आणि तिला वाटलं होतं की इथे ते अडखळेल, इथे सभ्यपणे थांबेल, पण नाही, पुढची ओळ आली, आणि तिच्यापुढची, आणि भाषा, बाई गं, जरा जास्तच होती.